बोंडूवरचं यीस्ट

चौथ्या ग्लासातला फेस मधोमध खचला होता, पण कडेला काचेला धरून राहिला होता. पेराएवढी उंच, पांढरी, दाट कड आणि तिच्या आत उथळ खळगा. गव्हाच्या बिअरचा फेस बहुधा सगळाच टिकतो, नाहीतर सगळाच बसतो. असा कडेला चिकटून मध्ये खचणारा फेस मी तोवर एकाच बिअरवर पाहिला होता, आणि ती बिअर आमच्या गच्चीवरच्या खोलीत होत असे.

‘चार नंबर शरयूताईंची,’ डॉक्टर शेट्ये म्हणाले. ‘लावा पैज.’

‘पैज कसली त्यात?’ लोबो सरांनी ग्लास नाकापाशी धरला. ‘हा काजूच्या बोंडूचा वास दुसऱ्या कुणाच्या बिअरला येतो? पण शरयू, दोन नंबरलाही तोच वास आहे. दोन बाटल्या आणल्यास की काय? ही लबाडी झाली हां.’

‘मी एकच आणली आहे, सर.’

‘मग एक विकतची आहे म्हणायची,’ शेट्ये म्हणाले आणि आपल्याच विनोदाला मोठ्यानं हसले. बाकीचेही हसले.

त्याला आता बारा वर्षं होऊन गेली. पुण्यात घरी बिअर करणारे आम्ही सातआठ जण महिन्यातल्या एका रविवारी दुपारी कर्वेनगरला शेट्यांच्या घरी जमत असू. शेट्ये दातांचे डॉक्टर, लोबो सर शाळेतले निवृत्त मुख्याध्यापक, बाकीचे कॉम्प्युटरवाले. कायद्यानं आम्ही नेमके काय होतो, हा विषय तिथं कोणी काढत नसे. ज्यानं त्यानं आपली एक बाटली आणायची. शेट्ये तिला पुरुषाचा लांब मोजा चढवून वर नंबराची चिठ्ठी लावत. आणि त्या बाटल्यांत एक विकतची असे, एखाद्या नव्या ब्रुअरीतून भरून आणलेली. ती कुठली, हे बाकीच्यांनी ओळखायचं. आमच्या मंडळाची एवढी एकच रीत होती आणि तिच्यापायी माणसं रुसलेली मी पाहिली आहेत. आपली बाटली लोकांना विकतची वाटली, तर तो मान की अपमान, यावर आमचं कधीच एकमत झालं नाही.

माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या मते तो अपमानच. आप्पांनी पिंपरीच्या एका औषध कारखान्यात फर्मेंटेशन विभागात आयुष्य काढलं होतं. दोन मजली उंच टाक्यांमधून बुरशी वाढवून तिच्याकडून औषध करून घेणं हे त्यांचं काम. ‘विकतची बिअर म्हणजे मेसची आमटी,’ असं ते मंडळात दर वेळी म्हणत. ‘पोट भरतं. पण आपल्याला कोणी ओळखत नाही त्या वाटीत.’ त्या रविवारी मात्र ते आले नव्हते. त्यांना चक्कर येत होती.

शेट्यांनी मोजे उतरवायला सुरुवात केली. दोन नंबरच्या मोज्यातून माझी बाटली निघाली. चार नंबरच्या मोज्यातून निघाली ती तपकिरी, जाड काचेची, कान असलेली बाटली. तिच्यावर ब्रुअरीचा शिक्का होता.

‘काय सांगता!’ लोबो सर पुढे झुकले. ‘ही विकतची?’

‘बाणेरची,’ शेट्ये म्हणाले. ‘‘खपली’ म्हणून नवीन बिअर काढलीय त्यांनी. खपली गव्हाची. गर्दी उसळलीय तिच्यावर. म्हटलं, बघू आपले लोक ओळखतात का.’ मग त्यांना काहीतरी आठवलं. ‘अहो, तुमच्या भावाचीच ना ती ब्रुअरी? तुम्हाला माहीत असेल म्हणा सगळं.’

‘हो,’ मी म्हणाले. ‘माहीत आहे.’

मला काहीच माहीत नव्हतं. निघताना मी शेट्यांकडे ती बाटली मागितली. तळाशी बोटभर गढूळ बिअर उरली होती.

‘धुवून परत आणून द्या हं,’ ते म्हणाले. ‘डिपॉझिट आहे तिच्यावर.’

ते यीस्ट मला वेंगुर्ल्याला मिळालं होतं. माझ्या मावशीची तिथं काजूची बाग आहे. मे महिन्यात झाडांखाली बोंडू पडून सडतात आणि दुपारी सगळ्या बागेला आंबूस, गोड वास येतो. त्यातले काही मी बाटल्यांत घालून आणले आणि आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांच्यावरची यीस्ट वेगळी करत बसले. मी तिथं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत असे. बहुतेकांनी व्हिनेगर केलं. काहींना नेलपॉलिशचा वास आला. रानातल्या यीस्टला फळातली साखर चालते, पण जवा-गव्हातली साखर सहसा पचत नाही. एका यीस्टला ती पचत होती. त्या एकाला शोधायला मला दोन उन्हाळे लागले. त्याची बिअर प्यायली की आधी पिकल्या बोंडूचा वास येई आणि मागून जरा मिऱ्यासारखं काहीतरी.

पहिला घोट घेऊन आप्पांनी ग्लास उजेडात धरला होता. मग म्हणाले होते, ‘शरू, हे तुझं.’

ते यीस्ट घरच्या फ्रिजमध्ये, लोण्याच्या कप्प्यात, आगरची जेली घातलेल्या छोट्या परीक्षानळ्यांत ठेवलेलं असे. मी त्याला अधूनमधून ताज्या नळीत हलवत असे. त्या नळ्यांबद्दल आम्हा दोघांनाच माहीत होतं, आणि घरी आम्ही दोघंच होतो. आई गेली होती. विक्रांत, माझा धाकटा भाऊ, लग्नानंतर बाणेरला राहायला गेला होता आणि त्यानं तिथंच एका मित्राबरोबर ब्रुअरी काढली होती. आप्पा तिला दुकान म्हणत. उद्घाटनाला ते एक घोट प्यायले होते आणि ग्लास खाली ठेवून सर्वांसमक्ष ‘गॅस चांगला आहे’ एवढंच बोलले होते. त्यानंतर विकूनं मला कधी बोलावलं नाही आणि मीही गेले नाही.

मी घरी आले तेव्हा आप्पा दिवाणावर पडून क्रिकेट बघत होते.

‘काय म्हणतंय मंडळ? मला विचारलं का कोणी?’

‘सगळ्यांनी विचारलं. चक्कर कशी आहे?’

‘आहे. उठलं की खोली फिरते.’ त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. ‘नंबर कितवा आला आपला?’

‘लोकांना आपली आणि विकतची सारखीच लागली.’

‘जिभा गेल्यात त्यांच्या,’ आप्पा म्हणाले. ‘शेट्ये तर दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालून बसलेला असतो, त्याला काय कळणार?’

मी हसले. मग म्हणाले, ‘विकतची विकूकडची होती.’

‘असं?’

‘तिला बोंडूचा वास होता, आप्पा.’

‘असेल. हल्ली पाकिटातून काय काय यीस्ट मिळतं. परदेशातून मागवतात ही पोरं. केळ्याचा वास म्हणू नका, लवंगेचा म्हणू नका. एखाद्याचा येत असेल बोंडूसारखा.’ ते टीव्हीकडे बघत होते. ‘तू चहा टाकतेस का? मीच टाकला असता, पण ओट्यापाशी उभं राहिलं की गरगरतं.’

मी चहा टाकला. ओट्याच्या कोपऱ्यात आमचा स्पिरिटचा दिवा होता. नळ्या उघडताना त्याच्या ज्योतीजवळ उघडायच्या असतात. दिवा रिकामा होता. मी तो पंधरवड्यापूर्वी भरल्याचं मला आठवत होतं.

‘आप्पा, स्पिरिट संपलंय.’

‘टोपण सैल आहे त्याचं. उडून जातं.’

मी बाटली दप्तरात घातली आणि सोमवारी कॉलेजात नेली. दोन प्लेट्स घेतल्या. एकीवर शेट्यांच्या बाटलीतला गाळ पसरला, दुसरीवर माझ्या नळीतलं यीस्ट. मग त्या उष्ण कपाटात ठेवून दिल्या आणि तास घ्यायला गेले.

त्याच दुपारी इनामदार मॅडमचा फोन आला. पीएच.डी.ला त्या माझ्या मार्गदर्शक होत्या. आता त्या मैसूरला एका संशोधन संस्थेत यीस्टच्या संग्रहाच्या प्रमुख होत्या, आणि तिथं त्यांना माणूस हवा होता. असा फोन त्यांनी पूर्वी दोनदा केला होता. पहिल्यांदा आई आजारी होती. दुसऱ्यांदा मी आप्पांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, ‘जा की. मी कुठे अडवतोय?’ आणि चार दिवस जेवताना बोलले नाहीत. हा तिसरा फोन दिवाळीच्या आधीपासून चालला होता. मी हो म्हणण्याच्या अगदी जवळ आले होते. आप्पांना सांगितलंही होतं. भाऊबीज झाली आणि त्यांची चक्कर सुरू झाली.

‘डॉक्टर काय म्हणतात?’ मॅडमनी विचारलं.

‘सगळ्या तपासण्या नॉर्मल आहेत. कानाचं असेल म्हणतात. वयाचं असेल म्हणतात.’

‘शरयू, मी तुला आणखी किती थांबू?’

‘तुमची अडचण कळतेय मला, मॅडम.’

‘अडचण माझी नाही. मला दुसरं माणूस मिळेल. तुला दुसरा संग्रह मिळणार नाही.’ मग त्या जरा मऊ झाल्या. ‘शनिवारपर्यंत सांग. नाही असेल तर नाही सांग. पण सांग.’

मी ‘सांगते’ म्हणाले. मी तेव्हा ‘नाही’च सांगणार होते. एकटं असताना त्यांना चक्कर आली आणि ते पडले तर, हा प्रश्न मी रोज रात्री स्वतःला विचारत होते.

बुधवारी मी कपाट उघडलं. यीस्टची वसाहत प्लेटवर साधारणपणे लोण्याच्या थेंबासारखी दिसते, गोल आणि गुळगुळीत. माझ्या यीस्टची तशी दिसत नसे. ती भाजलेल्या पापडासारखी सुरकुतलेली असे आणि तिची कड नागमोडी. मी दोन्ही प्लेट्स खिडकीपाशी शेजारी शेजारी धरल्या. मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. मग उगीचच पुन्हा प्लेट्स पाहिल्या. शेवटी कोणती कोणाची, हे मला खालची चिठ्ठी वाचून ठरवावं लागलं.

घरी मी काही बोलले नाही. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. मला वाटत होतं, विकूनं ते चोरलं असेल. एखाद्या रविवारी जेवायला आला असताना फ्रिज उघडून एखादी नळी खिशात घातली असेल. तसं असतं तर ते सोसता आलं असतं. लहानपणी तो माझे रंगीत खडू असेच न्यायचा. आप्पांना यातलं काही कळलं तर त्यांना धक्का बसेल, चक्कर वाढेल, असा विचारही माझ्या मनात आला होता. म्हणून मी आधी एकटीनं विकूला गाठायचं ठरवलं.

शनिवारी सकाळी मी नेहमीसारखी कॉलेजला निघाले. आप्पा कॉटवर होते.

‘दुपारी फोन करते. उठू नका उगीच. डबा टेबलावर आहे.’

‘मी कुठे जातोय?’ ते म्हणाले.

पहिला तास घेऊन मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बाणेरला गेले. ब्रुअरी दुपारी उघडत असे. आत खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवल्या होत्या आणि फरशी पुसून ओली होती. शिजलेल्या गव्हाचा वास येत होता. काउंटरमागच्या भिंतीवर काळा फळा होता आणि त्यावर रंगीत खडूंनी, सुबक अक्षरात लिहिलं होतं:

‘आप्पांची खपली. चाळीस वर्षं कारखान्यात फर्मेंटेशन केलेल्या एका बापानं कोकणातल्या बोंडूवरून शोधलेलं यीस्ट. दुसरीकडे मिळणार नाही.’

खाली आप्पांचा फोटो होता. हसरा. हातात ग्लास. अंगात मी त्यांच्या वाढदिवसाला दिलेला निळा सदरा.

‘ताई?’ विकू आतून हात पुसत आला. पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. ‘अगं, तू? आज कॉलेज नाही?’

मी फळ्याकडे बोट केलं.

‘आवडलं?’ तो म्हणाला. तो खरंच खूश होऊन विचारत होता. ‘गौतमीनं लिहिलंय.’ गौतमी त्याची बायको. ‘लोक फोटो काढतात त्याच्यासोबत. परवा एक जण आप्पांना भेटायचंच म्हणून अडून बसला होता.’

‘विकू, ते यीस्ट कोणाचं आहे?’

त्याचं हसू जागच्या जागी राहिलं. ‘म्हणजे... तुमच्या दोघांचं. घरचं.’

‘तुला कोणी दिलं?’

‘आप्पांनी. ताई, तुला विचारूनच ना? आप्पा म्हणाले, शरूला विचारलंय, तिची काही हरकत नाही.’

‘मला कोणी विचारलं नाही.’

‘असं कसं? ते तर म्हणाले, तूच म्हणालीस, भावाला नाही तर कोणाला द्यायचं.’

‘मी असं बोलते का रे?’

त्यानं एक खुर्ची उलटी करून खाली ठेवली आणि मला बस म्हणाला. मी बसले नाही.

‘तू एक फोन करून विचारू शकला असतास,’ मी म्हणाले.

‘हो.’ त्यानं बुटांकडे पाहिलं. ‘खरं सांगू? विचारलं असतं आणि तू नाही म्हणाली असतीस तर? आमची बाकीची कुठलीच बिअर चालत नव्हती, ताई. बंद करायला निघालो होतो. मग आप्पाच एक दिवस आले नळी घेऊन. रुमालात गुंडाळून. म्हणाले, ही करून बघ.’

‘कधी?’

‘दिवाळीच्या आधी. तेव्हापासून तेच बघतात सगळं. आमच्याकडे ते यीस्ट दोनतीन बॅचमध्ये थकतं, वास जातो. मग ते ताजी नळी आणतात. प्रत्येक बॅचला येतात.’ आणि हे सांगताना त्याच्या आवाजात पुन्हा कौतुक आलं. ‘येतात म्हणजे काय, राज्य करतात इथं. आमच्या पोरांना टाकीला हात लावू देत नाहीत. आत्ता पण आहेत.’

‘कुठे?’

‘मागे. आज खपली शिजतेय ना.’

मागच्या खोलीला काचेची भिंत होती. पलीकडे स्टीलच्या टाक्या छतापर्यंत गेलेल्या, आणि त्यातल्या सगळ्यात उंच टाकीला लावलेल्या शिडीवर, वरून दुसऱ्या पायरीवर, आप्पा उभे होते. त्यांनी टाकीचं झाकण उचलून धरलं होतं आणि मान आत घालून ते वास घेत होते. वाफ त्यांच्या चष्म्यावर येत होती. त्यांनी एका हातानं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. दुसऱ्या हातात झाकण होतं. शिडीला त्यांचा एकही हात नव्हता.

‘चक्कर येते ना त्यांना?’ मी म्हणाले.

‘आप्पांना?’ विकूनं माझ्याकडे पाहिलं. ‘कधी?’

मी शिडीकडे बघत राहिले.

‘ताई, आप्पांना चक्कर येते? मला नाही बोलले कधी. थांब, खाली बोलावतो.’

‘हाक मारू नकोस,’ मी म्हणाले. ‘दचकतील.’

आम्ही दोघं काचेपाशी उभे राहिलो. आप्पांनी झाकण लावलं, कोणाला तरी हातानं खूण केली, वाफेच्या आवाजात काहीतरी ओरडले. मग ते उतरू लागले. कारखान्यातली माणसं उतरतात तसे, शिडीकडे तोंड करून, भरभर, खाली न बघता. शेवटच्या दोन पायऱ्या त्यांनी गाळल्या. वळले आणि त्यांना मी दिसले.

त्यांचा उजवा हात वर गेला आणि भिंतीला टेकला. डोळे क्षणभर मिटले. मी गेले सहा आठवडे घरात रोज पाहत होते तेच सगळं, त्याच क्रमानं. मग त्यांच्या लक्षात आलं असावं. हात हळूहळू खाली आला.

ते बाहेर आले. विकूनं मघाची खुर्ची त्यांच्यापुढे सरकवली. ते बसले.

‘शरू, तुला सांगणारच होतो.’

‘काय सांगणार होतात, आप्पा? यीस्टचं की चकरेचं?’

‘आप्पा, चकरेचं काय म्हणतेय ताई?’ विकूनं विचारलं.

‘तू गप्प बस रे.’ त्यांनी चष्मा काढून पुन्हा पुसायला घेतला. ‘येते चक्कर. कधी कधी येते.’

‘शिडीवर नाही येत?’

‘शिडीवर लक्ष असतं.’

विकू हसला असता, एरवी. आप्पाही. आम्ही तिघं याहून लहान गोष्टींवर हसत आलो होतो.

‘आणि यीस्ट काय तुझं माझं असतं का ग घरात?’ आप्पांचा आवाज चढला. ‘बाग मावशीची, फ्रिज माझा, ओटा तुझ्या आईचा. ह्याचं दुकान बुडत होतं. दोन लहान पोरं ह्याला. तुला काय कमी आहे? कायम नोकरी आहे, डोक्यावर छप्पर आहे. तुझं काय गेलं त्यात?’

‘विचारायचं होतंत.’

‘विचारलं असतं तर तू दहा प्रश्न काढले असतेस. किती पिढ्या वाढवणार, कशावर वाढवणार, नोंद कोण ठेवणार.’

‘हो. काढले असते. आणि मग दिलं असतं.’

मागच्या खोलीतून एका पोरानं दार उघडून विचारलं, ‘आप्पा, आच कमी करू?’ आणि आप्पा मान न वळवता म्हणाले, ‘थांब म्हटलं ना. उकळू दे अजून.’

‘फळ्यावर तुझं नाव पाहिजे होतं का?’ त्यांनी मला विचारलं. ‘लिहू. गौतमीला सांगतो. दोघांचं लिहू.’

‘फळ्याचं काही नाही, आप्पा. मी मॅडमना ‘नाही’ म्हणून कळवणार होते. आज. तुम्ही पडाल म्हणून.’

त्यांनी चष्मा घातला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांचा चेहरा मला एकदम म्हातारा वाटला, आणि या वेळी ते सोंग करत नव्हते.

‘तू गेली असतीस,’ ते म्हणाले.

‘हो.’

‘मग मी काय करू त्या घरात? सकाळी उठून बोलू कोणाशी? ह्याच्याकडे दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी गौतमी बिचारी हळू आवाजात बोलायला लागते.’ त्यांचा आवाज खाली आला. ‘मला एकट्याला जमत नाही, शरू. तुझी आई गेल्यापासून नाही जमत.’

हे त्यांनी दिवाळीत म्हटलं असतं, हात भिंतीला न टेकता, तर मी राहिले असते. निदान राहण्याचा विचार तरी केला असता. तिथं उभी असतानाही माझा हात त्यांच्या खांद्याकडे निघाला होता. मी त्यांच्या पुढच्या शब्दाची वाट पाहत होते. ते एवढ्यावर थांबले असते, तर पुढं काय झालं असतं, हे मला माहीत नाही.

‘आणि ह्या यीस्टचं काय?’ आप्पा म्हणाले. ‘ह्याच्या पोरांना जमणार आहे का ते? माझे हात थरथरायला लागलेत आता, नळी उघडताना दोनदा बुरशी शिरली आत. म्हणून तर म्हणत होतो, आता तुला सांगावं. महिन्याला एक ताजी नळी, एवढंच. तुझ्या डाव्या हाताचा मळ. विकू, सांग ना तिला, काय ठरलंय आपलं.’

‘काय ठरलंय?’ मी विचारलं.

‘ताई, ते आपलं...’ तो अडखळला. ‘वाकडला दुसरी शाखा काढायची म्हणत होतो. आप्पा म्हणाले, यीस्टची काळजी नको. शरू कुठे जात नाही.’

खालची आच जास्त होऊन आतल्या टाकीत काहीतरी उतू गेलं असावं. पोरं धावल्याचा आवाज आला. आप्पा अर्धवट उठले, त्यांनी काचेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्यांना आधी कुठं जावं ते कळेना.

‘जा, बघून या,’ मी म्हणाले.

‘तू घरी जा, मी येतो. घरी बोलू सगळं. शांतपणे.’

‘घरी काही बोलायचं राहिलेलं नाही, आप्पा. मी मैसूरला जाते आहे.’